ओहोळाच्या तोंडाशी गाळाचा खड्डा घ्यावा का? (नांदूरमध्यमेश्वरचा फुगवटा, ता. निफाड)

थडीवरचा

नमस्कार मंडळी. नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्याला मिळणाऱ्या एका ओहोळाबद्दल सल्ला हवा आहे.

पाणलोट अंदाजे २२० हेक्टर, ओहोळाची लांबी साडेतीन किलोमीटर, सरासरी उतार १ टक्क्याच्या आसपास. वर द्राक्षबागा, मधे सोयाबीन, मका, कांदा, खाली ऊस. जमीन खोल काळी. शेवटच्या ६०० मीटरला काठ ३ ते ४ मीटर उभे आहेत आणि दोन्ही अंगांनी शेतात शिरलेल्या १४ घळी आहेत. ओहोळ फुगवट्याला मिळतो तिथे गाळाची जीभ दरवर्षी पुढे सरकते. आधी तिच्यावर पाणकणीस होते, आता बेशरमीने (बेशरम नावाच्या फोफावणाऱ्या झुडपाने) ताबा घेतला आहे. मागे तीन घळींत दगडी बांध घातले होते, दुसऱ्याच पावसाळ्यात पाणी बाजूने फोडून गेले.

ग्रामपंचायतीचा विचार असा: तोंडाशी पोकलेनने २० मीटर × १५ मीटर, २ मीटर खोल खड्डा घ्यायचा, गाळ त्यात बसेल, दर उन्हाळ्यात काढून शेतात टाकू.

१) हा खड्डा उपयोगी पडेल का?
२) घळींतले बांध का फुटतात?
३) जिभेवरचा गाळ आताच काढावा का? परवानगी कुणाची?

उतार_एकटक्का

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतच देतो.

मोठ्या सरीचे पाणी: प्रवाह = अपधाव गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा) × पावसाची तीव्रता (मिमी/तास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६०. काळी, नांगरलेली, बऱ्यापैकी सपाट जमीन म्हणून गुणांक ०.४ आणि तासाला ५० मिमी पाऊस धरला, तर ०.४ × ५० × २२० ÷ ३६० = सुमारे १२ घनमीटर प्रति सेकंद.

आता खड्डा. गाळ बसण्याच्या बाबतीत खोलीपेक्षा वरचे क्षेत्रफळ महत्त्वाचे. प्रवाहाला क्षेत्रफळाने भागले की जो वेग येतो, त्यापेक्षा जलद खाली बसणारा कणच खड्ड्यात राहतो, बाकीचा पुढे जातो. तुमचे क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर. १२ ÷ ३०० = ०.०४ मीटर, म्हणजे सेकंदाला ४ सेंटिमीटर. एवढ्या वेगाने बसते ती ०.३ मिमीच्या आसपासची वाळू. पुराच्या ऐन भरात तुमचा खड्डा फक्त वाळू पकडेल, आणि काळ्या जमिनीच्या पाणलोटात वाळू ती किती असणार!

पूर ओसरल्यावर १ घनमीटर प्रवाह धरू. २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पोयटा माती सेकंदाला ०.३६ मिमी खाली बसते. ती अडवायला २,८०० चौरस मीटर, म्हणजे साधारण २८ गुंठे लागतील. २ मायक्रॉनची चिकणमाती दिवसाला जेमतेम ३० सेंटिमीटर खाली जाते. तिच्यासाठी त्याच प्रवाहाला २८ हेक्टरचे तळे लागेल. एवढे तळे करण्यापेक्षा आहे ती पाणथळच बरी.

धारणक्षमतेचाही हिशोब पाहा. वर्षाला हेक्टरी १० टन धूप आणि त्यातली ३० टक्के माती तोंडापर्यंत पोहोचते असे धरून चाललो, तर ६६० टन. साचलेल्या गाळात घनमीटरला १.१ ते १.२ टन सुकी माती असते, म्हणजे ५५० ते ६०० घनमीटर. तुमच्या खड्ड्याची क्षमता बरोबर ६००. सगळा गाळ अडला असता तरी खड्डा एका पावसाळ्यात काठोकाठ.

यापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. तोंडाशी २ मीटर खोल केले की ओहोळाच्या तळाला अचानक पायरी पडते. फुगवट्याची पातळी खाली असताना पूर आला की ही पायरी मागे मागे सरकत वर चढते, तळ खचतो, आधीच उभे असलेले काठ आणखी उंच होतात आणि ढासळतात. गाळ अडवायला घेतलेला खड्डाच गाळाची खाण होतो. वाळूउपशाने ओहोळांचे हेच होते.

थोडक्यात, तोंडाशी खड्डा नको.

मातीचा_पेला

वरच्या हिशोबात एक दुरुस्ती सुचवतो. काळी माती सुट्या कणांनी कमी आणि बारीक रव्यांनी जास्त वाहते. रवा म्हणजे चिकणमातीचेच कण एकमेकांना धरून झालेला दाणा, आणि तो वाळूसारखा पटकन बसतो. त्यामुळे २ मायक्रॉनचा हिशोब सगळ्या मातीला लावला तर चित्र फारच काळे दिसते. पण मातीत सोडियम जास्त असेल तर रवे पाण्यात विरघळल्यासारखे फुटतात आणि हिशोब पुन्हा खरा ठरतो. म्हणून खर्चाआधी गाळ कुठला आहे ते शोधा. तीन कामे आत्ता, कोरड्या दिवसांत होतात.

एक, पेल्याची चाचणी. काचेच्या पेल्यात पावसाचे साठवलेले किंवा बॅटरीत घालायचे शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी घ्या. बोअरचे नको, त्यातले क्षार माती फुटू देत नाहीत आणि फसवे उत्तर मिळते. हरभऱ्याएवढे सुके ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. ढेकूळ फुटून तळाशी ढीग झाला आणि पाणी नितळ राहिले तर माती नुसती भुसभुशीत आहे. ढेकळाभोवती दुधाळ कडे धरले आणि ते पेल्याच्या तळावर पसरत गेले तर ती माती पाण्यात पसरणारी आहे. १० मिनिटांनी एकदा आणि २ तासांनी एकदा बघा. नमुने शेताच्या वरच्या थरातून घ्याच, पण उभ्या काठाच्या १, २ आणि ३ मीटर खोलीवरूनही घ्या. खालचा थर बहुधा वेगळे बोलतो.

दोन, जिभेची नळी. ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप, दीड मीटर लांब, एका टोकाला धार. जीभ ओली असताना लाकडी ठोकळा ठेवून ठोका. काढण्याआधी पाइप पाण्याने भरून वर टोपण घट्ट बसवा, नाहीतर खालचा गाळ निसटतो. आतल्या गाळाची पातळी बाहेरच्यापेक्षा किती खाली गेली ते आधी मोजा, कारण ठोकताना गाळ दबतो. मग पाइप उभा चिरून थर बघा, प्रत्येक थर बोटांत चोळा.

तीन, घळी किती पुढे सरकल्या ते गूगल अर्थवरच्या जुन्या चित्रांवरून मोजा. लांबी × रुंदी × खोली, झाले घनमीटर. शिवाय प्रत्येक घळीच्या डोक्यापासून ५ मीटरवर १२ मिमीची सळई ठोकून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी अंदाज करत बसावे लागणार नाही.

पावसाळ्यात मोरीवरून बादली सोडून एक लिटरचे नमुने घ्या, पाण्यात उतरू नका. पूर चढत असताना दर १५ मिनिटांनी घ्या. ओसरताना घेतलेल्या नमुन्यावरून गाळ बहुधा कमी दिसतो. बाटलीतल्या गाळाला १० सेंटिमीटर खाली बसायला वाळूला पाऊण मिनिट, २० मायक्रॉनच्या कणाला पावणेपाच मिनिटे आणि चिकणमातीला सुमारे ८ तास लागतात. तेवढ्या वेळांनी बाटलीवर रेघा मारा. लिटरला ५ ग्रॅम गाळ आणि १ घनमीटर प्रवाह म्हणजे तासाला १८ टन. हा आकडा ग्रामसभेत सांगितला की लोक ऐकतात.

चर_बांध_घळ

दुसऱ्या प्रश्नावर. तुमचे बांध बाजूने फुटले म्हणजे मधे सांडवा ठेवला नव्हता किंवा खांदे काठात पुरेसे घुसवले नव्हते. बहुतेक ठिकाणी दोन्ही चुका एकत्र सापडतात. माथा सरळ पट्टीसारखा बांधला की दिसायला छान, पण पाणी कडेने जाते आणि काळ्या मातीचा काठ लोण्यासारखा कापला जातो.

अनगड दगडी बांधाची मापे: मधली उंची ७५ सेंटिमीटर ते १ मीटर, त्याहून जास्त नको. माथा अर्धा मीटर रुंद. वरच्या बाजूचा उतार १:१, खालच्या बाजूचा २:१ ते ३:१ (दोन-तीन मीटर आडवे, एक मीटर उभे). मध्यभाग खांद्यांपेक्षा ३० सेंटिमीटर खोलगट. पाया ३० सेंटिमीटर. खांदे इतरत्र अर्धा मीटर घुसवतात, खोल काळ्या जमिनीत १ मीटर घुसवा, कारण उन्हाळ्यात काठाला भेगा पडतात आणि पहिले पाणी भेगेतूनच वाट काढते. दगडाखाली १५ सेंटिमीटर मुरूम-खडीचा थर हवाच. तो नसेल तर ओल्या काळ्या मातीत दगड रुततात आणि दोन पावसाळ्यांत बांध गुडघ्याएवढा उरतो. बाहेरच्या अंगाला २० ते २५ सेंटिमीटरचे कोनेदार दगड, आत लहान. नदीतले गोटे वापरू नका, ते घरंगळतात.

अंतर: वरच्या बांधाचा पाया आणि खालच्या बांधाचा सांडवा एका पातळीत. तळाचा उतार ४ टक्के आणि उंची ०.८ मीटर असेल तर ०.८ ÷ ०.०४ = २० मीटर. पातळी हायड्रोमार्करने (पाण्याच्या नळीच्या पातळीयंत्राने) घ्या. नजरेने लावलेली पातळी दगडांना मान्य होत नाही.

पण खरे सांगायचे तर तुमच्या घळींवर मुख्य औषध दगडी बांध नाही. साडेतीन मीटरच्या उभ्या काठावरून शेताचे पाणी धबधब्यासारखे पडते आणि घळीचे डोके मागे खाते. तळात कितीही बांध घाला, डोके खातच राहणार. आधी पाणी डोक्यापासून तोडा.

१. काठापासून ४ ते ५ मीटर आत ताल (मातीचा बुटका बांध) घाला: उंची ५० सेंटिमीटर, माथा ५० सेंटिमीटर, बाजू दीडास एक. काठाला चिकटून घातला तर भेगेतून पाणी शिरून तालासकट काठ बसतो. तालाच्या आतल्या बाजूने ०.२ ते ०.३ टक्के ढाळ ठेवून दोन-तीन घळींचे पाणी एका ठिकाणी आणा.

२. तिथे पाइपाने पाणी खाली उतरवा. १ मीटर × १ मीटरची वीट-सिमेंटची पेटी, तळ जमिनीखाली ८० सेंटिमीटर. तिच्यातून ३०० मिमीचा पाइप ओहोळाच्या तळापर्यंत. पाइपाच्या मध्यापासून वर साधारण १ मीटर पाणी उभे राहिले तर असा पाइप ०.१९ घनमीटर प्रति सेकंद नेतो. गुणांक ०.४ आणि तीव्रता ९० मिमी धरली तर हे २ हेक्टरचे पाणी झाले. क्षेत्र जास्त असेल तर दुसरी पेटी करा, एकाच पाइपावर भार टाकू नका.

३. पाइपाभोवती दोन ठिकाणी १.२ मीटर चौरस सिमेंटची आडभिंत घाला. ती नसेल तर पाइपाच्या अंगाने पाणी झिरपत जाते आणि एक दिवस पाइप हवेत लटकलेला दिसतो. चरात भरायला काळी माती नको. मुरूममाती १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून धुम्मस करा.

४. खालच्या टोकाला २ मीटर लांब दगडी फरसबंदी, ४० सेंटिमीटर जाड, खाली खडी.

५. पेटीवर १० सेंटिमीटर फटींची जाळी. उसाचे पाचट अडकून पेटी तुंबते, तेव्हा तालात एक जागा १५ सेंटिमीटर खोलगट ठेवून तिथे मारवेल गवत लावा. तुंबलेले पाणी कुठून सांडायचे ते आपण ठरवावे, पाण्यावर सोडू नये.

मग घळीचे डोके दोनास एक उतारात तासा आणि वाळा लावा: एका जागी २-३ फुटवे, १५ सेंटिमीटर अंतर, ओळ समपातळीत. पहिला चांगला पाऊस होऊन वाफसा आल्यावर. बेशरमीच्या फांद्या खोचण्याचा मोह आवरा. ती जिभेवर कुठून आली त्याचे उत्तर बहुधा असल्याच कुठल्यातरी बांधावर मिळेल.

थडीवरचा

सर्वांचे आभार. तीनही कामे केली, निकाल देतो.

पेला: शेतातल्या वरच्या थराची सहाही ढेकळे फुटली, पाणी नितळ. काठाच्या १ मीटरवरचे तसेच. २ आणि ३ मीटरवरच्या ढेकळांभोवती १० मिनिटांत कडे धरले, दोन तासांनी पाणी ताकासारखे. दुसऱ्या दिवशी सकाळीही तसेच.

नळी: ९५ सेंटिमीटरचा गाभा मिळाला, दबला ८ सेंटिमीटर. वरचे १२ सेंटिमीटर गुळगुळीत चिकणमाती. खाली काळा रवाळ गाळ, आणि त्यात चार ठिकाणी २ ते ५ सेंटिमीटरचे तांबूस, खरखरीत पट्टे. बोटांत चोळले तर मुरमाचे कण. पाणलोटात मुरमाड जमीन कुठेच नाही.

घळी: ८ वर्षांत १४ घळी मिळून साधारण १,१०० घनमीटर माती गेली.

मातीचा_पेला

फार चांगले काम केलेत. मुरमाड जमीन नसताना मुरूम आला म्हणजे तो कुणीतरी आणून टाकला आहे. ओहोळाला आडवा किंवा समांतर मुरमाचा शिवरस्ता आहे का?

घळींचे वर्षाला सुमारे १४० घनमीटर, म्हणजे घट्ट माती १.४ टन धरून १९० टनांच्या आसपास. शेतांचा अंदाज ६६० टनांचा होता, तेव्हा घळी एकूण गाळाच्या पाव हिश्शाच्या आत-बाहेर. पण दोन्ही टन सारखे नाहीत. शेतातली माती वाटेत बांधाला, कुंपणाला, उसाच्या पाचटाला अडकत येते, म्हणूनच वरच्या हिशोबात तिचे ३० टक्केच धरले होते. देशाचा जो सरासरी अंदाज १९८३ साली मांडला गेला (हेक्टरी १६.३५ टन), त्यातही ६१ टक्के माती नुसती एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते, १० टक्के जलाशयांत बसते आणि २९ टक्के समुद्राला मिळते असे धरले होते. घळीतून सुटलेल्या मातीला मात्र वाटेत थांबायला जागाच नाही. शिवाय तुमच्या घळी २ मीटरखालचा पसरणारा थर कापत आहेत. तो गाळ जिभेवर बसत नाही, पाण्यात तरंगत पुढे फुगवट्यात जातो. महिनोन्‌महिने पाणी गढूळ ठेवणारा, पाण्याखालच्या वनस्पतींपर्यंत उजेड जाऊ न देणारा तोच.

तेव्हा तुमच्याकडे तीन गाळ आहेत: जीभ वाढवणारा मुरूम आणि शेतांतला रवा, आणि पाणी गढूळ करणारा काठाखालचा थर. एकाच खड्ड्यात तिघांना बसवायला निघाला होतात.

@चर_बांध_घळ यांना पुरवणी: काठाखालची माती तालात किंवा पाइपाच्या चरात अजिबात वापरू नका. घळीचे डोके तासताना हा थर उघडा पडलाच, तर वरचे २० सेंटिमीटर खणून वजनाच्या २ ते ३ टक्के जिप्सम मिसळा (घनमीटरला ३० ते ४५ किलो), ओलावून दाबा आणि वर चांगल्या मातीचा थर द्या. वाळा त्या थरात लावा. नुसत्या चोपण (सोडियम जास्त असलेल्या) थरात वाळासुद्धा रुसतो.

थडीवरचा

हो, शिवरस्ता आहे. ७०० मीटर, ३ टक्के उतार, ओहोळावरच्या मोरीपाशी उतरतो. दरवर्षी मे महिन्यात मुरूम पडतो.

उतार_एकटक्का

मग खड्डा करा, पण मोरीपाशी, आणि लहान.

रस्ता आणि त्याच्या कडेचा पट्टा मिळून दीड हेक्टर धरा. गुणांक ०.६, तीव्रता ९०: ०.६ × ९० × १.५ ÷ ३६० = ०.२२५ घनमीटर प्रति सेकंद. ०.१ मिमीची वाळू सेकंदाला ८ मिमी बसते, म्हणजे २८ चौरस मीटर. पाणी खड्ड्यात शांत कधीच नसते, म्हणून दुप्पट: ४ मीटर रुंद, १४ मीटर लांब, १ मीटर खोल. चारीचे पाणी एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने रुंद दगडी उंबऱ्यावरून बाहेर. आत आणि बाहेरची तोंडे जवळजवळ ठेवली तर पाणी सरळ निघून जाते आणि खड्डा कोपऱ्यात रिकामा राहतो. एक बाजू १:८ उताराची ठेवा, ट्रॅक्टर उतरला पाहिजे. मधे खुणेचा दगड रोवा, निम्म्यापर्यंत भरला की काढायचा. निघालेला मुरूम परत त्याच रस्त्यावर. दरवर्षीच्या खरेदीतला काही भाग तिथेच सुटेल.

त्याआधी रस्त्यावरचे पाणी तोडा. दर ३०-४० मीटरला रस्त्याला तिरका, १५ ते २० सेंटिमीटरचा बसका उंचवटा घेऊन पाणी कडेच्या गवतात सोडा. ७०० मीटर एकसलग धावलेले पाणी चारी खणत येते, मग खड्डा कितीही मोठा असो.

बोधावरून

शेतांकडे कुणी वळतच नाही, म्हणून लिहितो. ६६० टन तिथून येतात असे तुम्हीच म्हणता.

द्राक्षबाग: ९ फुटांच्या ओळी, बोध (वेलींखालचे मातीचे वरंबे) उताराच्या दिशेने, मधे तणनाशक मारून किंवा रोटाव्हेटर फिरवून चकाचक जमीन. प्रत्येक दोन बोधांमधला पाट म्हणजे एक ओहोळ. जून ते सप्टेंबर मधल्या पट्ट्यातले गवत मारू नका, कापा. वेलीभोवती दोन फूट स्वच्छ ठेवले तरी चालते. ऑक्टोबर छाटणीच्या आधी कापलेले गवत बोधावर आच्छादन म्हणून घाला. ओळी संपतात तिथे ३ मीटरचा मारवेलचा पट्टा सोडा. ट्रॅक्टर वळवायला ती जागा लागतेच, ती उघडी असण्याचे कारण नाही.

रांगडा कांदा: लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरला, म्हणजे ऐन पावसाळ्यात रान उघडे. जूनमध्ये ताग पेरा, एकरी २० ते २५ किलो, आणि ४५-५० दिवसांनी फुलोऱ्यात गाडा. धूप थांबते, खताचा खर्च थोडा कमी होतो. शेतकरी दुसऱ्या कारणासाठी करेल, पहिले आपोआप होईल.

सोयाबीन: उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा-सरी, सरीला ०.२ ते ०.४ टक्के ढाळ. ढाळ अजिबात नसेल तर काळ्या रानात पाणी साचून पीक पिवळे पडते आणि पुढच्या वर्षी शेतकरी पुन्हा उताराने पेरतो.

आणि एक अप्रिय गोष्ट. फुगवटा उतरल्यावर उघड्या पडलेल्या पट्ट्यात गाळपेर होत असेल, तर ती नांगरलेली भुसभुशीत माती पहिल्या फुगवट्यात थेट आत जाते, खतासकट. निदान ओहोळाच्या जिभेपासून ३० मीटर नांगर लावू नये, एवढे तरी ठरवून घ्या.

चमच्या

तिसऱ्या प्रश्नाचे. नांदूरमध्यमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आणि महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ). जीभ अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २९ प्रमाणे अधिवासात किंवा पाण्याच्या प्रवाहात फेरफार करायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ग्रामपंचायतीचा ठराव त्याला पुरत नाही. २०१७ चे पाणथळ नियम लागू होतात का तेही विचारून घ्या. आधी वन्यजीव विभागाकडून हद्दीचा नकाशा घ्या, काम हद्दीबाहेर असेल तरी जलसंपदा विभागाला विचारावे लागेल, फुगवट्याची जमीन त्यांच्याकडची असते. मोरीपाशी आणि शेतात जे करायचे ते हद्दीबाहेर असेल तर यात अडकत नाही. तिथून सुरुवात करा.

आणि जीभ काढायचीच का, हाही प्रश्न आहे. ही पाणथळ मुळात गोदावरी-कादवाच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे गाळ साचूनच झाली. चिखलपक्ष्यांना घोट्याएवढे पाणी आणि उघडा चिखल लागतो, तो गाळानेच दिला. मुख्य नद्यांच्या गाळापुढे तुमचा २२० हेक्टरचा ओहोळ किरकोळ आहे. बंधाऱ्याच्या गाळाचे गणित पुरातल्या दरवाजांवर ठरते, ते पाणी आणि बराच गाळ पुढे जायकवाडीला जातो.

तुमच्या जिभेवर खटकते ती बेशरम. ती उपटताना मुळासकट काढा, फांद्या ओल्यात टाकू नका, प्रत्येक तुकडा फुटतो. उन्हात वाळवून मगच हलवा. फेब्रुवारी संपेपर्यंत तिथे यंत्र नको, हिवाळी पक्षी असतात.

उद्या परवानगी मिळून गाळ काढायची वेळ आलीच, तर काठ उभे तासू नका. १:१० चा उतार ठेवा, मूळ तळाच्या वर ३० सेंटिमीटर गाळ सोडा आणि एका वर्षी एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग उघडू नका.

थडीवरचा

समजले. जीभ राहू द्यावी, बेशरम काढावी. मोरीचा खड्डा आणि दोन पेट्या या मे महिन्यात, बाकी घळी पुढच्या वर्षी. शेवटचा प्रश्न: मोरीच्या वर ओहोळात जुना माती नालाबांध पूर्ण भरला आहे, हद्दीबाहेर. तो गाळ शेतात किती टाकावा? सगळ्यांना हवा आहे.

मातीचा_पेला

सगळ्यांना हवा असतो, पण सगळ्या रानांना मानवत नाही. मुरमाड, उथळ, हलक्या रानात गाळ सोने. तुमच्या खोल काळ्या रानात काळा गाळ टाकला तर निचरा आणखी बिघडतो, द्राक्षबागेत तर नकोच. वरच्या टेकाडांवर शेजारच्या गावाची हलकी राने असतील तर तिकडे द्या.

टाकण्याआधी सामू (पीएच), क्षारता, चुनखडी आणि विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) तपासा. पेल्याची चाचणी इथेही करा, काठाखालचा थर त्यात साचला असेल तर कडे धरेल. तसा गाळ शेतात नको, रस्त्याच्या भरावातही नको.

प्रमाण: अडीच सेंटिमीटरचा थर म्हणजे एकरी १०० घनमीटर, साधारण ३६ ब्रास. पहिल्या वर्षी एवढाच, पावसाआधी पसरून आडवी वखरपाळी. ढीग तसेच ठेवले तर खालची माती दबते आणि पेरणीला ठिपके दिसतात.

नालाबांधातून काढताना भिंतीच्या पायथ्यापासून भिंतीच्या उंचीच्या तिप्पट अंतर सोडा, आणि मूळ तळाची पिवळसर माती लागली की पोकलेन थांबवा. सांडवा आधी बघा. बांध भरून वाहायला लागल्यापासून सगळे पाणी त्याच्यावरूनच जात असेल, तर तो एव्हाना खचलेला असण्याची शक्यता जास्त. तो दुरुस्त न करता गाळ काढला तर पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटून सगळा गाळ एकदम जिभेवर येईल.